दीडची रेघ

आरोग्य विमा कंपनीच्या बाँडची जोखीम तोलताना बहुतेक जण सॉल्व्हन्सीपाशी, म्हणजे लागणाऱ्या भांडवलाच्या किती पट हाताशी आहे त्या आकड्यापाशी, थांबतात: दीडच्या वर आहे ना, मग झाले. माझे बोट मात्र नेमके तिथेच अडते, कारण त्या रेघेशी ताडलेला आकडा कंपनीने स्वतः बांधलेल्या अंदाजावर उभा असतो. रुग्ण बरा होऊन घरी गेला, बिल अजून आलेले नाही, अशा क्लेमसाठी केलेली तरतूद, म्हणजे आयबीएनआर, हाच तो अंदाज. समजा, निव्वळ प्रीमियम 5,000 कोटी. त्याच्या 20 टक्के, म्हणजे 1,000 कोटी, हे लागणारे भांडवल आणि हाताशी 1,600 कोटी. सॉल्व्हन्सी 1.60, तब्येत ठणठणीत. पण वर्षाचे क्लेम 3,250 कोटी धरले, तर अवघ्या अकरा दिवसांच्या क्लेमइतकी, साधारण 100 कोटींची, तरतूद कमी पडली की कंपनी थेट रेघेवर येते. दुय्यम बाँडचे व्याजही याच रेघेला बांधलेले. सॉल्व्हन्सी खाली घसरली तर ते देता येत नाही. व्याजामुळे तोटा होणार किंवा वाढणार असेल तर विमा नियामक आयआरडीएआयची आगाऊ परवानगी लागते. पॉलिसीधारकाचे क्लेम बिनबोभाट चुकते होत असतानाही बाँडधारकाचे कूपन अडू शकते. म्हणून मी आधी पाहतो ते हे, की गेल्या मार्चची तरतूद प्रत्यक्षात किती पुरली. प्रवर्तकाचे नाव वाचून रेटिंग देणाऱ्यांना हे दाखवणारा तक्ता उघडण्याचा कंटाळा असतो, आणि आमच्या धंद्याची घसरण मला तिथेच दिसते.

यावर म्हणतात, पॉलिसी वर्षाची असते. तोटा झाला तर नूतनीकरणाला दर वाढवता येतो. हे मीही बरीच वर्षे धरून चाललो. पण जानेवारी 2025 पासून ज्येष्ठांचा प्रीमियम आयआरडीएआयच्या पूर्वसल्ल्याशिवाय वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, आणि माणशी सर्वाधिक क्लेम याच वयात येतात. इतरांचा दर वाढवावा, तर आधी धडधाकट माणसे निघून जातात. भांडवल ओतता येते, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2021-22 मध्ये कोविडच्या क्लेमनी स्टार हेल्थला हजार कोटींवर तोटा झाला. तरी डिसेंबर 2021 च्या आयपीओतून आलेल्या पैशाचा आधार होता. मात्र बाजार तेव्हा नवे शेअर घ्यायला तयार होता, आणि ते कंपनीच्या ताळेबंदात कुठेही लिहिलेले नसते. दशांशानंतरच्या दोन आकड्यांचा मला फार अभिमान होता. अचूकतेपेक्षा तो मिरवण्याचाच भाग अधिक. आता मी 1.60 लिहीत नाही. 1.45 ते 1.65 असा पट्टा लिहितो आणि रेटिंग त्याच्या खालच्या टोकावरून ठरवतो.