आजी बोलल्या, आम्ही ऐकले

शिरूरहून एस.टी.ने आम्ही दौंडच्या बुद्धविहारात गेलो. लेकाकडे राहणाऱ्या मराठवाड्यातल्या आजी बोलायला उभ्या राहिल्या. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पुढे त्यांची वस्ती पेटली. लेकराच्या तोंडावर हात धरून त्यांनी ओढ्यात रात्र काढली. १९९४ साली नामविस्तार झाला, तेव्हा कुठे त्या रडल्या.

हिटलरशाहीने ६० लाख ज्यू मारले. वाचलेल्यांनी शाळाशाळांतून साक्ष दिली, म्हणून ते पाप झाकता आले नाही. आमच्या घरचे जाणते मात्र न सांगताच गेले. आम्ही विचारलेच नाही.

बंधु-भगिनींनो, १ जानेवारीला आपण कोरेगावच्या विजयस्तंभाला वंदन करतो. घरच्या म्हाताऱ्यांपाशीही वही घेऊन बसू या.