एका दिवसाच्या मजुरीचे नाणे

वाचकहो, लंडनला जाण्याचा योग आला तर थेम्स नदीकाठचा टॉवरचा किल्ला तुम्ही पाहालच. राजघराण्याचे जडजवाहीर पाहायला तिथे रांग लागते. तुम्हीही ते पाहा. पण त्याआधी दोन तटांच्या मधल्या अरुंद बोळातून एक चक्कर मारा. त्याचे नाव मिंट स्ट्रीट, म्हणजे टांकसाळ गल्ली. १२७९ च्या सुमारास राजा पहिला एडवर्ड याने इथे टांकसाळ आणली आणि पुढे पाचशेहून अधिक वर्षे ती या किल्ल्यात चालली.

नाणे पाडण्याची रीत साधी होती. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात पक्का बसवलेला. त्यावर चांदीची पातळ चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. एका बाजूला राजाचा मुखडा उठे, दुसऱ्या बाजूला क्रूस. सगळे हाताचे काम, त्यामुळे कुठे चित्र सरकलेले, कुठे अक्षर काठाबाहेर गेलेले. आपली जुनी शिवराई ज्यांनी हातात घेतली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

या नाण्याला पेनी म्हणत. वजन जेमतेम दीड मासा, त्यात शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. अशा २४० पेन्यांचा एक पौंड.

एवढ्याशा चकतीचे ते काय मोल, असे तुम्ही म्हणाल. तर ऐका. १३४८ साली इंग्लंडात प्लेग आला, गावेच्या गावे ओस पडली. मजूर मिळेना, मजुरी चढली. तेव्हा १३५१ साली सरकारने कायदाच केला. गवत वाळवणाऱ्याला दिवसाला एक पेनी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणी करणाऱ्याला दोन, दुसऱ्या आठवड्यात तीन. त्याहून जास्त नाही. उन्हातान्हातला अख्खा दिवस या एका चकतीत मावत होता.

म्हणूनच लबाडांचा डोळा तिच्यावर असे. नाण्याची कड हळूच कातरायची, चांदी साठवायची आणि हलके नाणे पुढे सरकवायचे. शेवटी तोटा गरिबाच्या पदरी. १२४७ साली तिसऱ्या हेन्रीने क्रूसाच्या भुजा थेट काठापर्यंत नेल्या. टोक तुटले की चोरी उघडी. त्याआधी, ११२४ च्या नाताळात, खोटी नाणी पाडणाऱ्या टांकसाळ्यांचे उजवे हात तोडले गेले होते. आणि १२७८ साली कातरणीच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना याच किल्ल्यात कोंडले. त्यांतल्या कित्येकांना फाशी झाली.

पण खुद्द राजेच वजन उतरवू लागले, त्यांना कोण विचारणार? १४६४ पर्यंत पेनीतली चांदी जवळजवळ निम्म्यावर आली. पुढे १६६२ पासून नाणी यंत्रावर निघू लागली आणि हातोडा थांबला.

इंग्लंडच्या नांगरटीत आजही अशा पेन्या सापडतात. कुणाच्या थैलीतून पडलेली ती एका दिवसाची मजुरी. त्या रात्री त्या घरात काय बोलणे झाले असेल, ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. तेव्हा संग्रहालयात काचेआड पेनी दिसली, तर नुसता राजाचा मुखडा पाहू नका. तिची कड पाहा. क्रूसाची चारही टोके शाबूत असली, तर कष्टकऱ्याच्या हाती निदान नाणे तरी पुरे पडले, असे समजा.