अर्धा गुण

बरोबरी झाली की दोघांना अर्धा-अर्धा गुण. पण रेटिंगच्या हिशेबात हे दोन अर्धे सारखे नसतात. चारशेने वरचढ असलेल्या खेळाडूकडून एलो पद्धत ०.९२ गुणांची अपेक्षा धरते आणि समोरच्याकडून ०.०८ ची. त्यामुळे बरोबरीत खालचा चढतो, वरचा उतरतो.

मला बरोबरी शिकवली आजोबांनी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात. रात्री जेवणं आटोपली की पटावर ते चारच सोंगट्या ठेवत : दोन राजे, पांढऱ्याचा एक उंट आणि त्याचं राजाच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं. ते प्यादं वजीर होणार काळ्या घरात आणि उंट चालणार पांढऱ्या घरांवरून. काळा राजा त्या कोपऱ्यात पोचला, की त्याला तिथून कोणी हुसकावू शकत नाही. फार जवळ जावं तर त्याला हलायला घरच उरत नाही, शहही बसत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. ‘‘कोपरा धर,’’ आजोबा म्हणायचे.

कॉलेजात असताना पुण्यातल्याच एका खुल्या स्पर्धेत माझ्यासमोर माझ्याहून कितीतरी वरचा खेळाडू आला. शेवटी त्याच्याकडे तोच उंट आणि दोन प्यादी, माझ्याकडे एकटा घोडा. घोडा देऊन मी आतलं प्यादं मारलं आणि राजा कोपऱ्याकडे नेला. त्याने आणखी काही खेळ्या करून पाहिल्या, मग हात पुढे केला. नंतर बाहेर बसून कितीतरी वेळ त्याने तो डाव माझ्याबरोबर पुन्हा मांडला. त्याचं ऋण मी मानते.

‘मोठ्याने सोडला असेल’ असं लोक सहज म्हणतात, ते मला पटत नाही. वरचढ खेळाडूपुढे प्रत्येक खेळी तगून राहावं लागतं.

जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख कोनेरू हंपीसमोर बसली. दिव्याला पंधरावं मानांकन, वय १९. हंपी रेटिंगमध्ये ऐंशीने वर आणि एप्रिलमध्येच पुण्याची महिला ग्रां प्री जिंकलेली. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. टायब्रेक दिव्याने जिंकला आणि ती ग्रँडमास्टरही झाली. सगळ्यांच्या तोंडी तो टायब्रेकच आहे. माझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी ते दोन बरोबरीचे डाव दाखवणार आहे, एकेक खेळी थांबून.