गावठी सीताफळाची बाजू

दसऱ्याच्या सुमारास पालीजवळच्या बालाघाटाच्या उतारांवर सीताफळ पिकू लागतं आणि बीडच्या बाजारात तो गोड, किंचित आंबूस वास नाकात भरतो. अलीकडे गावठीच्या पाटीशेजारी मोठ्या, एकसारख्या, पिवळसर फळांचे क्रेटही दिसतात आणि गिऱ्हाइकाचा हात आधी तिकडे जातो. गावठीत बिया फार, गर कमी, एक फळ साखर तर दुसरं पाणचट, ही तक्रार खोटी नाही. पण हा जो बेभरवसा आहे, तीच या फळाची खरी मिळकत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

त्यासाठी सीताफळाचं फूल जवळून पाहायला हवं. खाली तोंड करून लोंबणाऱ्या तीन जाड, हिरवट पाकळ्या. आत मधोमध स्त्रीकेसरांचा झुपका आणि भोवती पुंकेसरांचं कडं. स्त्रीकेसर आधी तयार होतात. पुंकेसर फुटेपर्यंत त्यांची वेळ बहुधा टळून गेलेली असते, म्हणून फुलाला स्वतःचे पराग सहसा कामी येत नाहीत. बारीक भुंगेरे ते दुसऱ्या फुलातून, कित्येकदा दुसऱ्या झाडावरून आणतात. फळावरचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर. जिथे पराग पोचला नाही तिथे फळ वाकडं राहतं. मेंडेलने १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम मांडले ते वाटाण्यावरून. वाटाणा आपल्याच परागांनी फळतो, त्यामुळे त्याचे वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहतात. सीताफळाच्या बीला ती शिस्त नाही. एकाच फळातल्या दोन बिया लावल्या तर एक झाड आईवर जाईल, दुसरं भलत्याच वळणाचं निघेल. डोंगरात बीपासून उगवलेलं प्रत्येक झाड त्यामुळे वेगळं असतं.

२०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण ते एका वाणाचं नाव आहे असं समजणं चूक. त्या नावाखाली अख्खा गोतावळा नांदतो.

'गावठी' हा शब्दही जपूनच वापरावा. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७९ साली भारहूतच्या स्तूपावरील ग्रंथात तिथल्या शिल्पांत सीताफळ ओळखलं आणि हे झाड मूळचं इथलंच, असा पक्ष उभा राहिला. वनस्पतिशास्त्रज्ञ द कान्दोल यांना ते पटलं नाही. आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचं मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत मानतात. शिल्पांचं कोडं सुटो न सुटो, एवढं खरं की लांबून आलेल्या झाडाचं बी इथे थोडंच आलं असणार. त्या थोड्या बियाण्यातून मुरमाड जमीन, कोरडे उन्हाळे आणि पावसाची ओढ सोसून जी झाडं टिकली, ती निवड बालाघाटाची आहे. ती दुसरीकडून मागवता येणार नाही.

यावर शेतकरी विचारेल, आणि त्याने विचारावंच, की विविधतेवर घर चालतं का? कलमी झाड लवकर फळतं, फळ सारखं येतं, भाव मिळतो. हे मान्यच आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांच्या 'एनएमके-१ गोल्डन'ने कितीतरी संसार सावरले. पण कलम म्हणजे एकाच झाडाची नक्कल. कलम नवा गुण घडवत नाही, हाती आलेला गुण तेवढा वाढवतं. तो गुण आधी कुठल्यातरी झाडात दिसावा लागतो. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने दिलेल्या वाणाचंच पाहा, त्याचं नाव 'धारूर-६' आहे. त्या नावातच आपल्या जिल्ह्याचा डोंगर आहे. शिवाय कलमासाठी लागणारा खुंट बहुतेक वेळा गावठी बीपासूनच केलेला असतो. उद्या एखादी नवी कीड आली तर सगळी एकसारखी बाग एकसारखीच बळी पडेल. तिला तोंड देणारं झाड सापडलं तर डोंगरावरच्या याच वेड्यावाकड्या गावठी गर्दीत सापडेल.

म्हणून बागेत गोल्डन जरूर लावा. पण खडीसाठी, प्लॉटसाठी डोंगराचा उतार साफ करण्याआधी तिथली सीताफळं चाखून पाहा. ज्याचा गर दाट, बिया कमी किंवा जे कोरड्या साली टिकून राहिलं, त्या झाडाला खूण करा, त्याच्या काड्या घेऊन कलमं बांधा आणि अंबाजोगाईच्या केंद्राला कळवा.