गाव सुटल्यावर मिळणारं आडनाव

ठाण्याहून निघावं, कशेळीचा पूल ओलांडावा, काल्हेर मागे पडलं की पूर्णा येतं. भातखाचरांच्या जागी आता गोदामं आहेत; देशभरचा माल इथं उतरतो आणि इथूनच पुढं जातो. या पट्ट्यातले वाढदिवसाचे, नवरात्राचे फलक मी आवर्जून वाचतो. पाटील, म्हात्रे, भोईर, तरे. आगरी गावांची ही घट्ट रुजलेली आडनावं. त्यांत गावाचं नाव सहसा नसतं, आणि ते साहजिकच आहे. गावात सगळेच त्या गावचे. तिथं ‘कर’ कुणाला म्हणायचं? ‘कर’ लागतो तो वेस ओलांडल्यावर, आणि लावतात ते परके.

पूर्ण्याच्या शेजारचंच अंजूर बघा. तिथलं नाईक घराणं आपल्या वाड्यात नाईकच. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ते अणजूरकर झालं. गंगाजी नाईक अणजूरकर पोर्तुगीजांच्या जाचाचं गाऱ्हाणं घेऊन पुण्याला पेशव्यांकडे गेले, खाडीच्या वाटा आणि ठाण्यांची खबर पुरवत राहिले. 1737 साली मराठे साष्टीत उतरले, 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेचं श्रेय आपण पुण्याला देतो, ते योग्यच. पण या खाडीकाठच्या माणसांचं नाव त्याच दमात घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अंजूरफाट्यावर दिवसरात्र ट्रक वळतात. गावाचं नाव चालकांच्या तोंडी आहे, घराण्याचं नाही.

फाट्याजवळच्या भिवंडी रोड स्टेशनातून गाडी वसईकडे जाते. तिकडे परेरा, लोपीस, डिसोजा. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर आलेली ही आडनावं अंमल गेला तरी राहिली, आणि आज ती अस्सल वसईची आहेत. एकाच खाडीच्या दोन टोकांना माणसांची नावं अशी वेगवेगळ्या वाटांनी घडली.

गावावरून आडनाव पडणं विलायतेतही दिसतं, पण तिथं कधी नव्या गावाचंही नाव लागलं. बाराव्या शतकात हार्टबर्न गावचा विल्यम आपली जहागीर बदलून डरहॅमकडच्या दुसऱ्या गावी गेला आणि त्या गावाचं नाव लावू लागला. ते गाव वॉशिंग्टन. पुढं त्याच्या वंशातले लोक समुद्रापार गेले, आणि एका लहानशा इंग्रज खेड्याचं नाव अमेरिकेच्या राजधानीला मिळालं. आपल्याकडे दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं, ते मात्र गाव मागे राहिल्यावर.

आता मात्र नवे ‘कर’ जन्मत नाहीत. शाळेचा दाखला, सातबारा, आधार, सगळीकडे आडनाव एकदाच लिहिलं जातं आणि गोठतं. पूर्ण्याचे पाटील ठाण्यात, डोंबिवलीत घर घेतात आणि पाटीलच राहतात; गोदामात हमालीला आलेला उत्तर प्रदेशचा यादव इथं वीस वर्षं काढून यादवच राहतो. गावाचं नाव आडनावात शिरायची वाट कागदांनी बंद केली. तरी पाटील इतके, की ओळख पटवायला गाव लागतंच. म्हणून हळदीच्या आणि लग्नाच्या पत्रिकेत नावाखाली अजून ठळक छापतात: मु. पूर्णा, ता. भिवंडी, जि. ठाणे.