रघुवीर घाटापलीकडचं आपलं 'स्वित्झर्लंड'

दिवाळी सरली की निम्म्या खेडच्या स्टेटसला एकच पाणी दिसायला लागतं. निळंशार, तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्येच एखादी लाँच. आणि वर मजकूर, 'स्वित्झर्लंड कशाला, खेडला या!' वाचून मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. बाहेरच्या माणसाला खेड म्हणजे मुंबई-गोवा हायवेवरचं भरणे नाका आणि कोकण रेल्वेचं स्टेशन, एवढंच माहीत. आपल्याकडे दाखवायला काहीतरी आहे याचा आनंद असतोच.

गेल्या महिन्यात दोघे मित्र घेऊन मीही जाऊन आलो. भरणे नाक्यावरून खोपी, खोपीतून रघुवीर घाट. वळणं चढताना मागे अख्खं खेड खोरं उघडं पडतं. माथ्यावर हवा बदलते, जिल्हाही बदलतो. शिंदी लागलं की आपण साताऱ्यात. पुढे कांदाटीचं खोरं, आणि झाडीतून खाली ते पाणी दिसतं. आम्ही तिघंही दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्यातला एक जण कधीच गप्प बसत नाही, यावरून काय ते समजा.

आता या पाण्याबद्दल. रीलमध्ये 'निसर्गाने दिलेला तलाव' असं लिहितात, ते तेवढं दुरुस्त करून घ्या. हा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. धरण पूर्ण झालं १९६४ साली. उंची १०३ मीटर, साठा १०५ टीएमसी. भिंत तिकडे कोयनानगरला, पण पाणी मागे सरकत पार तापोळ्यापर्यंत आणि कांदाटीच्या खोऱ्यात शिरलेलं. कोयना नदी मूळची महाबळेश्वरची, कराडला कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाणारी. आपण तिचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला उतरवलं. पोफळीला वीज होते, कोळकेवाडीला परत वीज होते, मग ते वाशिष्ठीतून चिपळूण करत दाभोळच्या खाडीला. एकूण १९६० मेगावॅटची योजना. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा कोळकेवाडीच्या पाण्यावरून केवढा वाद झाला, आठवत असेल. तेही पाणी इथलंच.

आता स्वित्झर्लंडचं नाव निघालंच आहे तर. आल्प्समध्ये इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ रेशेन नावाचं सरोवर आहे. पाण्याच्या मधोमध चर्चचा जुना मनोरा उभा आहे, आणि जगभरचे लोक तो बघायला जातात. तेही धरणच. १९५० मध्ये ग्राउन नावाचं गाव त्यात बुडवलं, घरं पाडली, मनोरा तेवढा राहिला. तिथे फोटो काढणाऱ्याला इच्छा असो नसो, खाली गाव होतं हे कळतंच. आपल्याकडे पाण्यावर तसं काहीच दिसत नाही. शंभराच्या आसपास गावांना कोयनेची झळ लागली, कोणी सोलापूरकडे गेलं, कोणी सांगलीकडे, कोणी खाली कोकणात. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठाला जुन्या बांधांच्या, जोत्यांच्या रेषा वर येतात. आपल्या रीलमध्ये त्या नसतात, कारण मे महिन्यात तिथे चिखल असतो आणि चिखलाला लाईक मिळत नाही.

एका घरी चहाला थांबलो. तिथल्या आजी म्हणाल्या, "पानी आलं तवा मी आईच्या काखंत व्हते, बाबा. म्हातारी सांगायची, भातखाचरं चांगली सगळी खाली गेली. आमाला वरचं रान राह्यलं." मी विचारलं, मग गेला का नाही इतरांबरोबर? त्या हसल्या. "देव हितं, शेत हितं. जानार कुठं?" पुढे त्या रानावरही बंधनं आली. १९८५ ला कोयना अभयारण्य झालं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल राखलं पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण एकाच खोऱ्याने वीजही द्यायची, वाघालाही जागा द्यायची आणि वर पर्यटकांचं आदरातिथ्यही करायचं, हा हिशोब मला जरा एकतर्फी वाटतो.

या गावांचा जिल्हा सातारा, तालुका महाबळेश्वर. पण बाजार, दवाखाना, मुंबईची गाडी यासाठी बऱ्याच जणांना जवळ पडतं ते आपलं खेड. शनिवारी बाजारपेठेत डोक्यावर गाठोडं घेऊन एसटीची वाट बघणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, त्यातली कित्येक घाटावरची असतात. आणि पावसाळ्यात याच घाटात दरडी येतात. पर्यटकांना बंदीचा आदेश निघतो, तो योग्यच आहे. आपल्यासाठी त्याचा अर्थ, सहल पुढे ढकला. तिथल्या बाळंतिणीसाठी आणि साप चावलेल्या माणसासाठी मात्र दरड पडली की रस्ता संपला. मग लाँचने तापोळा, तिथून महाबळेश्वर. वारा आणि पाऊस असेल तर लाँचही नाही.

याच जलाशयाच्या काठावर जावळी तालुक्यात खिरखंडी नावाचं गाव आहे. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडे अंधारीच्या शाळेत जायच्या, आणि होडीतून उतरल्यावर पुढे जंगलातली पायवाट. ही गोष्ट बातमीत आली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सरकारला जाब विचारला. आमच्या धंद्यात असे दिवस फार येत नाहीत, म्हणून मला तो लक्षात आहे. ड्रोनने बघितलं तर ती होडीसुद्धा फार सुंदर दिसली असती.

आता पुढचं. नवीन महाबळेश्वर प्रकल्पाचा आराखडा आला आहे, त्यात २३५ गावं आहेत. तापोळा ते अहिर पूल बांधायला घेतला. पूल आणि नीट रस्ता जुळला की महाबळेश्वरचा पर्यटक थेट रघुवीर घाट उतरून खेडला येईल, आणि आपले हॉटेलवाले, रिक्षावाले, लॉजवाले खूश होतील. होऊ देत, मलाही खेडचा धंदा वाढलेला हवाच आहे. पण पुलाच्या बातम्यांमध्ये 'प्रेक्षक गॅलरी' हा शब्द मी जितक्या वेळा वाचला, तितक्या वेळा 'रुग्णवाहिका' वाचला नाही. जमिनी तर आत्ताच विचारल्या जातायत. आजींच्या घरीसुद्धा पुण्याहून दोन पार्ट्या येऊन गेल्या म्हणे.

त्यामुळे माझं मागणं साधं आहे, आणि ते दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींना आहे. जूनच्या आधी घाटाच्या गटारांची सफाई करा. चारही महिने माथ्यावर एक आणि खोपीला एक जेसीबी उभा ठेवा. खोऱ्यात रात्री मुक्कामाला रुग्णवाहिका ठेवा, दरड खाली पडली तरी ती वर अडकता कामा नये. हद्द रत्नागिरीची की साताऱ्याची, हे कागद नंतर रंगवा.

आणि येत्या रविवारी जाणार असाल तर जरूर जा. जागा खरोखर देखणी आहे. शिंदीत आधी फोन करून जेवण सांगा, पिठलं-भाकरी मिळते, पैसे गावात राहतात. बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या गाडीतून परत आणा. लाँचमध्ये लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. आणि घाटातल्या वळणावर गाडी आडवी लावून फोटो काढत बसू नका, मागे अकल्पेची एसटी अडकते.