मोतीबिंदू नव्हता

सोसायटीत मी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या पडल्या होत्या, त्या मी उचलून घेतल्या. काळा चष्मा लावून खाली उतरले की लोक आपुलकीनं चौकशी करत, कोणी शहाळी आणून देई. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त सिस्टर तेवढ्या जवळ येऊन निरखून म्हणाल्या, "मोतीबिंदूला हल्ली पापणीवर टाके घालतात का हो?" मी पाण्याच्या टँकरचा विषय काढला.

खोटं बोलायचं कारण माझ्या जुन्या मतात होतं. वयानं चेहऱ्यावर जे आणलं ते मुकाट मिरवावं, त्यावर सुरी चालवून घेणं हा पैसा आणि वेळ दोन्ही जास्त झाल्याचा प्रकार, असं मी नुसतं मानत नव्हते, एका दिवाळी अंकात लिहिलंही होतं. लेख लोकांना आवडला होता. केसांना कलप मला चालायचा, कवळी चालायची, पण पापणी म्हटलं की नटीचं खूळ! ही रेघ मी कुठून आखली, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांची रेघ तिथेच होती.

पापण्या पडत गेल्या त्या इतक्या हळू की माझ्या लक्षात आलं ते भलतंच. संध्याकाळी कपाळ दुखायचं. फडताळाच्या वरच्या खणातलं शोधताना मान मागे टाकावी लागायची. स्कूटर चालवताना वरचा सिग्नल दिसायचा नाही. आईचीही हीच सवय, हनुवटी उचलून बघायची. भावकीत तिला त्यावरून तोऱ्याची म्हणत, आणि आम्हा मुलांनाही तो तोराच वाटायचा. आता वाटतं, बिचारी पापणीखालून जग बघत होती.

चष्म्याचा नंबर बदलायला गेले, तर तिथल्या डॉक्टरबाईंनी पापण्यांची ऑपरेशनं करणाऱ्या ऑक्युलोप्लास्टीवाल्या सर्जनकडे पाठवलं. पुण्यातला तो तरुण मुलगा मला पहिल्या मिनिटापासून 'काकू' म्हणायला लागला. त्यानं अंगठ्यानं माझी भुवई दाबून धरली, पट्टी लावली आणि खाली बघा, वर बघा करत पापणी किती मिलिमीटर हलते ते मोजलं. पापणी चांगली 13 मिलिमीटर हलत होती, म्हणजे स्नायू धडधाकट. पण समोर बघताना बाहुलीच्या मध्यापासून पापणीची कड 4 ते 5 मिलिमीटर वर असायला हवी, ती उजव्या डोळ्यात जेमतेम 1 मिलिमीटरवर आली होती.

पापणी उचलणारा स्नायू खोबणीच्या पार मागून निघतो आणि पुढे पातळ, रुंद कंडरा होऊन पापणीतल्या टणक पट्टीला धरतो. वयाबरोबर हा कंडरा ताणला जातो, कधी पट्टीपासून सुटतोही. चिकाच्या पडद्याची दोरी सैल पडली, तर ओढणारा हात कितीही दणकट असो, पडदा अर्ध्यावरच राहणार. मग कपाळाचा स्नायू मदतीला धावतो आणि दिवसभर भुवया वर ओढून धरतो. माझ्या कपाळावरच्या आठ्यांना मी चिंतनाच्या आठ्या समजत होते! त्या हमालीच्या होत्या.

मला वाटलं, आता तारीख देईल. पण त्यानं आधी उलटतपासणीच घेतली. संध्याकाळी पापणी जास्त पडते का, एकाचे दोन दिसतात का, गिळायला त्रास होतो का? मायस्थेनिया नावाच्या आजारात स्नायू वापरानं थकतात आणि पापणी त्याची पहिली खूण असू शकते. मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं बर्फ ठेवला. त्या आजारात थंडाव्यानं पापणी थोडी वर येते, माझी आली नाही. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, तेही पाहिलं. पापणी अचानक पडली आणि त्याच डोळ्यातली बाहुली मोठी झाली, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते, तिथे एक दिवसही थांबायचं नसतं. जुने फोटो मागितले. एवढं सगळं बघितल्यावर 'सौंदर्यवाल्यांच्या' धंद्याबद्दलचा माझा तिरकसपणा जरा निवळला.

मग त्यानं एक गंमत दाखवली. उजवी पापणी बोटानं उचलून धरली आणि आरशात डावी बघायला सांगितलं. ती खाली उतरली! दोन्ही पापण्यांना मेंदूकडून एकच हुकूम जातो. उजवीसाठी तो जोर लावत होता, त्यावर डावी तरून होती. एकीचं केलं असतं तर दुसरी पडली असती, म्हणून दोन्ही.

ऑपरेशन लोकल भुलीत झालं, कारण मधेच पेशंटनं डोळे उघडून दाखवायचे असतात. भुलीची सुई झोंबली, बाकी फक्त ओढाताण कळत होती आणि जळकट वास येत होता. तात्पुरती गाठ मारून मला उठवून बसवलं. "समोर बघा काकू. वर. खाली." थोडं सैल करा, पुन्हा आडवं, पुन्हा बसवणं. भुलीच्या औषधात अ‍ॅड्रिनॅलिन असतं, त्यानं पापणी तात्पुरती जरा जास्तच चढते. तेवढा हिशेब धरून पापणी ठेवावी लागते. कोपऱ्यातला पंखा मी मान न उचलता पाहिला आणि मला हसू आलं. "हसू नका," तो म्हणाला.

नंतरचे दिवस कौतुकाचे नव्हते. डोळे काळेनिळे, बर्फाच्या पट्ट्या, आठवड्यानं टाके काढले. रात्री डोळा पुरता मिटत नव्हता, मलम भरून झोपायचं. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजर जाण्याचा धोका फार क्वचित असतो, पण असतो. तो आधीच सांगून कागदावर सही घेतली होती.

माझं मत बदललं ते मात्र विम्यामुळे. आरोग्यविम्याच्या ठरलेल्या अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा प्रकृतीला थेट, तातडीचा धोका असेल तरच ती बसते. माझा दावा नामंजूर झाला. पापण्या चिकटपट्टीनं उचलून आणि न उचलता अशा दोन्ही वेळच्या दृष्टिक्षेत्राच्या तपासण्या मी जोडल्या होत्या; एकीत वरचा भाग काळा, दुसरीत मोकळा. संतापून पत्र लिहायला बसले. 'मी हौशी बाई नाही, दिसण्याशी माझा काडीचाही संबंध नाही' असं लिहून झालं आणि हात थांबला. आदल्या दिवशी, डॉक्टरांची परवानगी मिळाल्या मिळाल्या, मी कित्येक वर्षांनी काजळ घातलं होतं आणि आरशासमोरून हलले नव्हते.

ते वाक्य खोडलं, पत्र पाठवलं, पैसे मिळाले नाहीत.

त्यानंतर कावसजीची गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. इंग्रजी सैन्याचा हा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक आणि एक हात तोडला गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. 1794 साली ते लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आलं आणि तिकडच्या सर्जनांनी त्यावरून धडे घेतले. भारतीय शल्यविद्येचा अभिमान म्हणून ही गोष्ट मी वर्गात सांगत असे. पण नाक कापलेल्या माणसालाही श्वास घेता येतो. कावसजीला नाक हवं होतं ते चारचौघांत जायला. त्याला कोणी हौशी म्हणालेलं ऐकिवात नाही.

तेव्हा 'दिसायला' आणि 'बघायला' ही वाटणी मी सोडली आहे. पहिल्यासाठी केलं तर लाज आणि दुसऱ्यासाठी केलं तर शहाळी, हे मला पटत नाही. विशीतल्या पोरींच्या धडधाकट डोळ्यांत खोट काढून गिऱ्हाईक गाठणाऱ्या जाहिरातींचा राग मात्र तसाच आहे, उलट वाढला आहे. इथे तपासणी किती लागते ते आता मला ठाऊक आहे.

धाकटी बहीण परवा आली होती. तिच्या पापणीची कड जागेवर आहे, वरची कातडी तेवढी लोंबते, बघायला काही अडत नाही. "मुलाच्या लग्नात फोटोत म्हातारी दिसायचं नाहीये ताई," एवढंच तिचं म्हणणं. मी विचारलं, डोळे कोरडे पडतात का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि लग्न कधी आहे? सूज पुरती उतरायला वेळ लागतो, तेव्हा दोन-तीन महिने आधी उरकून घे म्हटलं.